गावकुसाबाहेरची बातमी

दलित साहित्याची समीक्षा आपल्याकडे कवितेपासून सुरू झाली आणि आत्मकथनांपाशी बराच काळ रेंगाळली. पुढे कथा, नाटक, जलसे, लोकगीते यांवरही प्रबंध झाले. पण आमच्या माणसांविषयी रोज जे लिहिले जाते, सर्वांत जास्त वाचले जाते आणि ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला जातो, त्या लेखनाकडे समीक्षा क्वचितच वळली. मी बोलतो आहे ते जिल्हा वृत्तपत्रातील बातमीविषयी. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शिकवतो तेथे कवितासंग्रह विकत मिळत नाही. वृत्तपत्र मात्र पहाटे एस.टी. स्टँडवर उतरते आणि आठ वाजेपर्यंत चहाच्या टपरीवर त्याचा चोळामोळा झालेला असतो. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील मजकूर शिरला तर तो एवढाच. तेव्हा बातमी हेही वाङ्मय आहे आणि तिची चिकित्सा करण्याचा आम्हांला अधिकार आहे, असे गृहीत धरून हे लिहीत आहे.

जातीय हिंसाचाराने फाटलेल्या प्रदेशात वृत्तपत्राने काय करावे, हा प्रश्न निघाला की आपले विचारवंत अग्रलेखांची चर्चा करू लागतात. अग्रलेख शहरात लिहिला जातो आणि तो येतो घटनेनंतर चार-आठ दिवसांनी. तोवर निकाल लागून गेलेला असतो. हा निकाल तालुका वार्ताहराने पाठवलेल्या पहिल्या दहा-पंधरा ओळींत लागतो. घटनेला नाव काय द्यायचे, कारण कोणते सांगायचे, कोणाची तक्रार आधी मांडायची, हे त्या ओळींत ठरते. पुढचे सारे, म्हणजे मंत्र्याचे निवेदन, शांतता समितीची बैठक, कधीकधी इतिहासही, त्याच ओळींवर उभे राहते.

या ओळींची भाषा आता इतकी रुळली आहे की ती आपल्या कानाला खटकतही नाही. 'दोन गटांत हाणामारी', 'किरकोळ कारणावरून वाद', 'पूर्ववैमनस्यातून हल्ला', 'परस्परविरोधी तक्रारी दाखल', 'तणावपूर्ण शांतता'. यातला 'गट' हा शब्द पाहा. दोनशे घरांचे गाव आणि गावकुसाबाहेरची सात घरे यांना तो एका तागडीत बसवतो. एकदा 'गट' म्हटले की मारणारा आणि मार खाणारा दोघेही सारखेच भांडखोर ठरतात. 'किरकोळ' हा शब्द तर विलक्षणच आहे. हातपंपावर लावलेला हात, गायरानावरची पेरणी, घोड्यावरून निघालेली वरात, जयंतीची मिरवणूक, ही सारी कारणे किरकोळ! २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला. कारण किरकोळच होते म्हणायचे. वस्तुतः ज्याला किरकोळ म्हटले जाते तेच वर्णव्यवस्थेचे मर्म असते. पाणी, जमीन, रस्ता, वाहन, गाणे, यांच्यातूनच तर गाव आपली उतरंड रोज राबवीत असते. वार्ताहराला हे ठाऊक नसते असे नाही. तो त्याच गावचा असतो.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर सालदारकी केली. त्यांना अक्षर येत नव्हते. मी शाळेतून आलो की ते मला पेपर मोठ्याने वाचायला लावीत. 'दोन गटांत हाणामारी' असे मी वाचले की ते हमखास विचारीत, "कोनं मारलं अन् कोनाले मारलं, थे सांग ना बे." छापील मजकुरात त्याचे उत्तर नसे. बातमीदारीच्या सगळ्या अभ्यासक्रमांत 'कोणी, काय, कोठे, केव्हा, का' हे पाच प्रश्न शिकवतात म्हणे. त्यातला पहिलाच प्रश्न एका निरक्षर सालदाराला दर खेपेस स्वतःहून विचारावा लागत होता.

यावर संपादकांचे ठरलेले उत्तर असते. तणाव वाढू नये म्हणून आम्ही जातीचा उल्लेख टाळतो. पत्रकारितेचा तसा संकेत आहे. हा संकेत प्रामुख्याने धार्मिक दंगलींच्या अनुभवातून आला आणि तेथे त्याला अर्थही आहे. पण जातीय अत्याचाराच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होतो. जखमींची नावे छापली जातात, आडनावांवरून त्यांची जात पंचक्रोशीला कळतेच. झाकले जातात ते फक्त हल्लेखोर. ते 'अज्ञात जमाव' होतात, 'संतप्त ग्रामस्थ' होतात. 'संतप्त' या विशेषणाने तर अर्धे समर्थन आधीच करून टाकलेले असते. संतापायला कारण घडले असले पाहिजे, असा त्याचा ध्वनी आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करताना त्यांचा पहिलाच मुद्दा हा होता की, मुंबई इलाख्यात निघणारी बहुतेक पत्रे विशिष्ट जातीचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नाही. त्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नाही, हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो. महाडचा क्रम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले. गावात हूल उठवली गेली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. त्या अफवेवर मंडपात आणि रस्त्यात माणसांना झोडपले गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. दंगल झाली आणि बाबासाहेबांनी वृत्तपत्र काढले. मार खाल्लेल्या माणसाने आपल्या माराचा वृत्तांत स्वतः लिहिला नाही तर तो मारणाराच लिहील, एवढे साधे गणित त्यामागे होते. रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत. महाडची हकीकत आज आपल्याला आपल्या बाजूने वाचायला मिळते ती या कष्टामुळे.

आमच्या वऱ्हाडातील वृत्तपत्रांचा जन्मही याच मुशीत झाला. यवतमाळातून टिळकयुगाच्या अखेरीस बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. पुढे ते नाव जवाहरलाल दर्डांनी चालवले आणि १९७१ साली नागपुरातून त्याचे दैनिक झाले. राष्ट्रीय चळवळीचे तेज या पत्रांना होते हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की 'लोक' या शब्दात कोण येत होते? याच विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांना अस्पृश्यांसाठी वेगळी पत्रे काढण्यासाठी आयुष्य झिजवावे लागले, यातच उत्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटायला हवे होते. ते किती पालटले, हे १९७८ साली मराठवाड्यात दिसले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि शेकडो गावांतील वस्त्यांवर आग बरसली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेला हालहाल करून मारले गेले. त्या प्रदेशाचे सर्वांत प्रभावी दैनिक होते 'मराठवाडा'. त्याचे संपादक अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेले, सत्तेपुढे न वाकणारे, मराठी पत्रकारितेत आदराने घेतले जाणारे नाव. त्यांनी नामांतराला विरोध केला. हा विरोध प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत होता. अस्मिता हा शब्द संपादकीय टेबलावर तात्त्विक असतो. पाटलाच्या वाड्यावर पोहोचेतो त्याचे रॉकेल झालेले असते. विद्यापीठाची पायरी न पाहिलेल्या शेतमजुराची झोपडी विद्यापीठाच्या नावासाठी जळाली. हे त्या संपादकाला अभिप्रेत होते, असे मी म्हणणार नाही. पण जेथे एका बाजूच्या हातात जमीन, पोलीस पाटील आणि वृत्तपत्रही आहे, तेथे 'आमची अस्मिता दुखावली' एवढे छापणेही पुरेसे असते. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

येथे कोणी रवांडाचे उदाहरण देतील. १९९४ साली तेथील 'आर.टी.एल.एम.' या नभोवाणी केंद्राने माणसे हेरून मारायला चिथावले आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पत्रकारितेच्या या म्होरक्यांना वंशसंहाराचे गुन्हेगार ठरवले. मला ही तुलना आळशीपणाची वाटते. आमची जिल्हा वृत्तपत्रे कोणाला मारा म्हणून सांगत नाहीत. त्यांचा अपराध वेगळा आहे आणि तो न्यायालयात सिद्ध होणारा नाही. गप्प बसणे आणि खोटे नाव देणे, एवढाच तो आहे.

त्याचा नमुना म्हणजे खैरलांजी. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले हे गाव. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन या चौघांना गावाच्या देखत मारण्यात आले आणि प्रेते कालव्यात टाकण्यात आली. कर्ता पुरुष भैयालाल तेवढा वाचला. पार्श्वभूमीला शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता. शेजारच्या गावातील एका दलित पोलीस पाटलाला झालेली मारहाण होती आणि त्यात या मायलेकींनी दिलेली साक्ष होती. त्या मारहाणीचे आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. म्हणजे जमीन होती, कायद्याचा आधार घेणारी बाई होती, शिकणारी मुले होती. बातमीसाठी आणखी काय हवे होते? तरी पहिल्या स्थानिक बातम्यांतून लोकांपर्यंत पोहोचले ते 'अनैतिक संबंध'. चार माणसे मेली आणि त्यांच्याबरोबर एका बाईचे चारित्र्यही मारले गेले. हा तपशील वार्ताहराने स्वतः शोधला नसणार. तो गावातून ठाण्यात गेला, ठाण्यातून कागदावर आला. आमच्या तालुका वार्ताहराची दिवसाची पहिली फेरी ठाण्यातच असते. जमादार जे सांगेल ती बातमी. गावात जाणे म्हणजे पेट्रोल, आणि पेट्रोलचे पैसे कोणी देत नाही.

आता तारीख पाहा. २ ऑक्टोबर २००६ रोजी विजयादशमी होती. धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. आमच्या जिल्ह्यातूनही ट्रक भरभरून गेले. शेजारच्या जिल्ह्यातल्या कालव्यातून एका बौद्ध कुटुंबाची प्रेते काढून तीन दिवसही झाले नव्हते, आणि त्या लाखांच्या समुदायात ही गोष्ट जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती. वृत्तपत्राचे अपयश मोजायला याहून अचूक माप मला सापडत नाही. वृत्तपत्रे निघत नव्हती असे नाही. त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या रंगीत पुरवण्या निघाल्या, त्यांत पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती होत्या.

मग बातमी पोहोचली कशी? प्रेतांची छायाचित्रे हातोहात फिरली. सत्यशोधन समित्यांनी अहवाल तयार केले. पत्रके निघाली, मोबाईलवरून निरोप गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस एका इंग्रजी दैनिकाच्या रविवारच्या अंकात सविस्तर वृत्तांत आला. नोव्हेंबरच्या आरंभी भंडाऱ्यात मोर्चा निघाला, त्यात बाया पुढे होत्या. आणि मग विदर्भ पेटला. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. आता मात्र मराठी वृत्तपत्रांना पहिल्या पानावर जागा सापडली, पण ती कशासाठी? जाळपोळ, बंद, एस.टी.चे नुकसान यांसाठी. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असण्याची शक्यता बोलून दाखवली आणि तो मथळा झाला. महिनाभर जे हत्याकांड बातमी होऊ शकले नव्हते, त्याच्याविरुद्धचा आक्रोश एका दिवसात बातमी झाला, तोही संशयित म्हणून.

पुढे १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि हे कृत्य जातिद्वेषातून नव्हे तर सूडापोटी झाले, असे म्हटले. न्यायालये बातम्या वाचून निकाल देतात असा माझा आरोप नाही. मी फक्त शब्दाकडे बोट दाखवतो. वार्ताहराचे 'पूर्ववैमनस्य' आणि निकालपत्रातला 'सूड' ही एकाच समजुतीची दोन रूपे आहेत. खालच्या माणसाने पोलिसांत साक्ष द्यावी याचाच राग का येतो, हा प्रश्न त्या समजुतीत बसत नाही. आणखी एक अवघड गोष्ट आपणही बोलली पाहिजे. खैरलांजीचे हल्लेखोर ब्राह्मण नव्हते; आपण व्यासपीठावरून ज्यांना बहुजन म्हणून साद घालतो त्यांतलेच ते होते. वृत्तपत्रांच्या मौनावर बोलताना या बाबतीतले आपल्या नेत्यांचे मौन विसरता येत नाही.

या प्रकरणाचा सर्वांत झडझडीत ग्रंथ लिहिला तो आनंद तेलतुंबडे यांनी, २००८ साली. ते मूळचे आमच्या वणी तालुक्यातील राजूरचे. ग्रंथ मात्र इंग्रजीत आहे. भंडाऱ्याची कथा यवतमाळच्या माणसाने जगाला इंग्रजीतून सांगावी, याची मराठी पत्रकारितेला खंत वाटल्याचे ऐकिवात नाही. तेच तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, एल्गार परिषद प्रकरणात अटक झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. २००६ साली मोर्चाला लागलेले लेबल आता माणसांना लागते आहे.

या लेबलाचा खरा मुलूख पूर्वेला, गडचिरोलीत आहे. तेथील वार्ताहराच्या हातात दोनच कागद येतात: पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक आणि नक्षलवाद्यांनी प्रेताजवळ टाकलेले पत्रक. एकात मेलेला आदिवासी नक्षल समर्थक असतो, दुसऱ्यात पोलिसांचा खबरी. त्याच्या बायकोला काय म्हणायचे होते, हा तिसरा कागद कधी छापखान्यापर्यंत येत नाही.

स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवून हत्या पचवण्याची युक्ती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या पुरुषांना झाडाला टांगताना गोऱ्या स्त्रीवरील अत्याचाराचा आरोप पुढे केला जाई आणि गोरी वृत्तपत्रे तो बिनचौकशी छापीत. १८६२ साली गुलामीत जन्मलेली आयडा बी. वेल्स ही मेम्फिसमध्ये 'फ्री स्पीच' हे छोटे पत्र चालवीत होती. मार्च १८९२ मध्ये तिच्या ओळखीच्या तीन काळ्या माणसांना जमावाने ठार मारले. त्यांचा गुन्हा एवढाच की, त्यांचे किराणा दुकान गोऱ्या दुकानदारापेक्षा बरे चालू लागले होते. तिने प्रकरणामागून प्रकरण तपासले आणि लिहिले की हा अत्याचाराचा आरोप बहुतेक वेळा बनाव असतो, खरा रोष काळ्यांच्या वर येण्यावर असतो. तिचा छापखाना फोडला गेला, तिला गाव सोडावे लागले. पुढे १८९५ च्या पुस्तिकेत तिने एक फार हुशार गोष्ट केली: आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'मधून. तुमचेच कागद, तुमचीच मोजणी, आता नाकारा. अमेरिकेला तिचा गौरव करायला २०२० साल उजाडले, तेव्हा तिला मरणोत्तर पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. १९७२ साली आपण पँथर हे नाव तिकडून घेतले, काळ्यांच्या कविता अनुवादिल्या, निबंधांतून उद्धृत केल्या. या बाईची कात्री आणि कात्रणे मात्र घेतली नाहीत.

आता बदल झाला आहे, असे काही मित्र म्हणतात. आपलीही मुले वार्ताहर झाली. झाली, हे खरे. पण कोणत्या अटींवर? तालुका वार्ताहराला पगार असा नसतो. असते ते तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, आमदारांचा वाढदिवस, यांच्या पुरवण्यांसाठी त्याने जाहिराती आणायच्या. जाहिरात देणार कोण? सरपंच, ठेकेदार, जिनिंगचा मालक, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. वस्तीवर हल्ला झाला तर आरोपींच्या यादीत किंवा त्यांच्या पाठीशी यांतलेच कोणी असते. बौद्ध घरातला पोरगा या जागेवर बसला म्हणून जागेचा स्वभाव बदलत नाही. त्याला तर उलट आपण 'जातीचे लिहीत नाही' हे रोज सिद्ध करावे लागते. आणि जो लिहितो त्याला काय मिळते, तेही दिसतेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला, ज्याच्याविरुद्ध बातमी लिहिली त्यानेच गाडीखाली चिरडून मारले. पत्रकार संरक्षणाचा कायदा या राज्याने २०१७ सालीच केला होता.

फोनवरची बातमी याहून वेगवान आहे, पण ती वाचवणारी आहे असे मला वाटत नाही. महाडच्या वीरेश्वराच्या देवळाची हूल गावभर पसरायला काही तास तरी लागले असतील.

राहता राहिली आमची नियतकालिके. 'मूकनायक' तीन-सव्वातीन वर्षांत थांबले, 'बहिष्कृत भारत' १९२९ च्या अखेरीस थांबले; वर्गणी थकणे हा आमचा जुना रोग आहे. पण जोवर ती पत्रे निघत होती तोवर त्यांत गावोगावची पत्रे, बहिष्कारांच्या हकीकती, सभांचे वृत्तांत छापले जात. आज आमचे अनियतकालिक उघडावे तर कविता, कवितेवरील लेख आणि त्या लेखावरील प्रतिक्रिया. विद्रोहाची प्रतीके मुबलक, अमुक गावी अमुक तारखेला काय घडले याचा चार ओळींचा वृत्तांत मात्र नाही. आत्मकथनाने आमच्या लेखकाला स्वतःच्या बालपणीचे गाव दिले. पण त्या गावात काल काय झाले, ते सांगायला तो आता तेथे राहत नाही. हे कटू वाटेल, पण प्रस्थापित वृत्तपत्रांवर आपण जो मौनाचा ठपका ठेवतो त्यातला काही भाग आपल्याही वाट्याला येतो.

प्रत्येक अंकात चार पाने यासाठी काढावीत, अशी माझी संपादक मंडळींना सूचना आहे. गावाचे नाव, तारीख, लावलेली आणि न लावलेली कलमे, जिल्हा वृत्तपत्रातील मूळ बातमी, आणि तिच्या शेजारी वस्तीतील माणसांनी सांगितलेली हकीकत, त्यांच्याच बोलीत. विशेषणे नकोत. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांची नावे अर्थातच नकोत. या वर्षी माझ्या वर्गातील काही मुलांनी अशी वही सुरू केली आहे. कात्री, डिंक आणि ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची तयारी, एवढेच लागते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळावी, ही तरतूद जुन्या फौजदारी संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती आहे आणि पीडितालाही तो हक्क दिला आहे. मुले ठाण्यात फिर्यादीबरोबर गेली तेव्हा त्यांना उद्या या म्हणून सांगण्यात आले. वार्ताहर तेव्हा आत बसून तीच प्रत उतरवून घेत होता.